गच्चीवरचे बिबडे आणि गिलक्याची रोपं

परवा सासूबाईंनी ज्वारी भिजत घातली आणि जिन्यातूनच मला आवाज दिला, "गच्ची कधी मोकळी करून देते व?" ज्यांच्या घरी बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, होतात त्यांना सांगायला नको, ज्वारी एकदा पाण्यात पडली की दिवस ठरला, मग ती कोणासाठी थांबत नाही. आणि नेमकी ती पूर्वेकडची अर्धी गच्ची, जिथे सकाळी पहिलं ऊन येतं, जिथे मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड वाळतात, तिथेच माझी यंदाची सगळी उन्हाळी रोपं मांडलेली आहेत. गिलके (म्हणजे घोसाळी), दोडके, दुधी, काकडी, भेंडी, पोकळ्याच्या पालेभाजीचा एक ट्रे, आणि कोपऱ्यात मोठ्या निळ्या ड्रममध्ये वांग्याचं एक झाड, ज्याच्याबद्दल पुढे लिहिते कारण यंदाच्या हंगामात माझा अर्धा जीव त्या झाडातच होता.

आमचं घर जळगावात, पिंप्राळ्याच्या बाजूला. खाली अंगणात तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि एक लिंबू, बाकी सगळं वर गच्चीवर. आठ वर्षं झाली बाग करतेय आणि आठ वर्षांत मला सगळ्यात अवघड महिना कोणता वाटला तर मे नाही. मे महिन्यात इथे ४५ च्या वर पारा जातो हे सगळ्यांना माहीत असतं, आपण तयारीत असतो, शेडनेट असतं, झाडंही निमूट राहतात. अवघड असतात ते माघ-फाल्गुनातले पाच-सहा आठवडे. कारण आपल्याकडे वसंत म्हणून जे काही येतं ते एवढंच असतं. पुण्याकडची माझी नणंद मार्च संपेपर्यंत पेटुनियाचे फोटो पाठवते, तोपर्यंत आमच्याकडे पेटुनिया वाळून काडी झालेला असतो. इथे थंडी जाते आणि ऊन येतं आणि मधली जी फट असते तेवढ्यात हिवाळ्याचं काढायचं, उन्हाळ्याचं लावायचं, आणि लावलेल्याची मुळं खोल जाऊ द्यायची. ती फट चुकली की मग पुढे अडीच महिने नुसतं पाणी घालत बसायचं, हाती काही येत नाही.

आणि ती फट ओळखायची कशी, तर मी सुरुवातीची कितीतरी वर्षं दिवसाच्या उन्हावरून ओळखायचे. चूक तिथेच होती. संक्रांत झाली की आपल्याकडे दुपारी चांगलं ऊन लागायला लागतं, स्वेटर नकोसा होतो, वाटतं की गेली थंडी. यंदाही मी तेच केलं, १८ जानेवारीला रविवारची सुट्टी म्हणून उत्साहात गिलक्याच्या आणि भेंडीच्या बिया कुंड्यांमध्ये टोचल्या. आठ दिवस झाले, दहा झाले, बारा झाले, काहीच नाही. तेराव्या दिवशी काडीने माती उकरून पाहिली तर गिलक्याचं बी बोटात घेतल्या घेतल्या फुटलं, आत नुसतं बुळबुळीत पाणी. भेंडीचं तर टरफलच सापडलं. दुपारी ३० अंश असलं तरी पहाटे पारा ११-१२ वर येत होता, आणि कुंडीतली माती शेतातल्या मातीसारखी नसते, ती चहूबाजूंनी थंड होते, सकाळी नऊपर्यंत बोट घातलं तर गारच लागते. वेलभाज्यांच्या बियांना माती साधारण २० अंशांच्या वर लागते, नाहीतर बी पाणी पिऊन फुगतं, पण कोंब काढायची ताकद येईपर्यंत कुजून जातं. म्हणजे थंडी दिवसातून जात नाही, ती रात्रीतून जाते, आणि पाहायचं असेल तर सकाळी सातला मातीत बोट घालून पाहायचं. आता मी तेच करते.

माझी जिजी, म्हणजे वडिलांची आई, यावलकडे आमच्या गावी हे काम फार सोप्या पद्धतीने करायची. डांगराच्या (लाल भोपळ्याच्या), गिलक्याच्या बिया रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि ती उकिरड्यात हातभर आत पुरून ठेवायची. शेणखताचा ढीग आतून गरम असतो, बाहेर कितीही थंडी असली तरी. तीन-चार दिवसांनी पुरचुंडी उघडली की पांढरे कोंब आलेले असायचे, मग ते कोंब खाली तोंड करून आळ्यात लावायचे. मला लहानपणी ते बघायला भारी आवडायचं, पण आपल्याकडे शहरात कुठला उकिरडा म्हणून कधी डोक्यातच आलं नाही. यंदा बिया कुजल्यावर अचानक आठवलं की माझ्याकडे कंपोस्टचा ड्रम आहे ना! सुकी पानं, भाजीची सालं आणि थोडं ताक टाकलेला तो ड्रम मधोमध चांगला ऊन ऊन लागतो, हात घातला तर कळतं. मग ७ फेब्रुवारीला पुरचुंडी बांधून, वर प्लास्टिकची पिशवी लावून ड्रमच्या मध्यात ठेवली आणि १० तारखेला उघडली तर चोवीसपैकी एकोणीस गिलक्यांना कोंब. मी खाली धावत जाऊन सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पण असंच करत." इतकी वर्षं एका घरात राहून हे बोलणं आमच्यात कधी निघालं नव्हतं.

अजून एक गोष्ट मला यंदा उलगडली ती कठड्याच्या सावलीची. गच्चीच्या दक्षिणेला तीन फुटी कठडा आहे. डिसेंबरात दुपारी बाराला त्याची सावली जवळजवळ तीन फूट आत पडते, म्हणजे कठड्याला टेकून ठेवलेल्या कुंड्या अख्खा हिवाळा सावलीतच राहतात. तीच सावली मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, सव्वा फुटाच्या आसपास येते, आणि मे संपता संपता आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो तेव्हा दुपारी सावली पायाखाली जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे आपण कुंडी हलवली नाही तरी झाडाची जागा बदललेली असते. मी दर पंधरा दिवसांनी खडूने रेघ मारून ठेवली होती, नोव्हेंबरपासून, आणि त्या रेघांवरूनच ठरवलं की पालक आणि पुदिना कुठे सरकवायचा. पुदिन्याची कुंडी जानेवारीत उन्हात हवी होती आणि आता ती कठड्याच्या अगदी पोटात सरकवलीये. तरी मे मध्ये ती खाली लिंबाखाली न्यावीच लागेल.

हिवाळ्याचं काढणं हेही सोपं नसतं, जीव होत नाही. मेथी तर काय, ती संपलीच. वाटाण्यावर जानेवारीच्या शेवटी भुरी आली, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी, मी आंबट ताक पाण्यात घालून दोनदा फवारलं, थोडी थांबली पण वेल दमलेला होता, शेवटच्या मूठभर शेंगा काढून उपटून टाकला, मुळावरच्या गाठी मात्र मातीतच राहू दिल्या कारण नत्र असतो त्यात. हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली होती, एका मोठ्या ग्रो बॅगमध्ये जूनमध्ये चार गड्डे लावले होते, त्याची दोन किलोच्या वर ओली हळद निघाली, अर्धी लोणच्याला आणि अर्धी पुढच्या बेण्याला. कोथिंबीर मी मुद्दाम उपटत नाही. ऊन वाढलं की तिला उंच दांडा येतो आणि पांढरी फुलं लागतात, मग पानं खाण्यालायक राहत नाहीत, पण त्या फुलांवर जी गर्दी होते ती पाहायला हवी. बारीक मधमाश्या, त्या हवेत एका जागी थांबणाऱ्या माश्या, लाल ठिपक्यांचे ढालकिडे. शेवंतीवर या दिवसांत काळा मावा येतोच येतो आणि तो खायला हेच पाहुणे लागतात, म्हणून कोथिंबिरीची कुंडी मी शेवंतीच्या शेजारीच ठेवते. यंदा मावा फक्त पाण्याच्या फवाऱ्याने आणि ढालकिड्यांवर निभावला, काही मारावं लागलं नाही. आणि शेवटी धने मिळतात ते वेगळंच.

टोमॅटोचं मात्र मन घट्ट करावं लागतं. आता झाडं छान दिसतायत, फुलं आहेत, पण रात्री २१-२२ अंशांच्या वर राहायला लागल्या आणि दुपार ३५ च्या पुढे गेली की फूल येतं आणि गळून जातं, फळ धरत नाही. त्यामुळे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जे धरेल तेच. मी आता वरचे शेंडे खुडून टाकलेत, म्हणजे झाडाची ताकद नवीन पानांत न जाता असलेल्या फळांत जाईल. सकाळी आठ-नऊच्या दरम्यान फुलांच्या घोसाला बोटाने हलकेच टिचकी मारायची, पराग झडतो, त्याने फरक पडतो असा माझा अनुभव आहे.

मोगऱ्याचं सांगायचं तर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याचं पाणी बंद केलं, दहा दिवसांनी एकूण एक पान हाताने ओरबाडून काढलं आणि फांद्या तिसरा हिस्सा छाटल्या. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या, म्हणाल्या, "अव माय, काय करू राहिली, बिचाऱ्याला नागडं केलं!" मी त्यांना सांगितलं की काकू, पाडव्याला गजरा देते तुम्हाला. मग वरची दोन बोटं माती काढून दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. आज अठरा दिवस झाले, प्रत्येक डोळ्यातून दोन-दोन फुटवे निघालेत, आणि परवा एका फुटव्याच्या टोकाला मोहरीएवढी कळी दिसली. मोगऱ्याला आपलं ऊन मानवतं. खान्देशात बाग करणाऱ्याने रडत बसण्यापेक्षा मोगरा, सदाफुली, गोकर्ण, जास्वंद, चिनी गुलाब यांच्यावर जीव लावावा असं माझं ठाम मत आहे, नर्सरीत कितीही सुंदर दिसले तरी फेब्रुवारीत हिवाळी फुलांची रोपं घ्यायची नाहीत, महिनाभरात ती आपल्यासमोर मरतात.

मधे महाशिवरात्रीला जोडून दोन दिवस माहेरी गेलो होतो. भुसावळहून तापी ओलांडली की हवा बदलते, केळीच्या बागाच बागा, आणि समोर सातपुडा. डोंगराच्या पायथ्याला पळस फुलला होता. पान नाही, नुसतं केशरी, आणि मधे मधे काटेसावरीची लाल फुलं. नवऱ्याने गाडी थांबवली आणि पोरगी खाली पडलेली पळसाची फुलं ओढणीत गोळा करून आली, आता होळीला त्याचा रंग करायचा म्हणतेय. भावाच्या बागेत मात्र यंदा थंडीने केळीचं नुकसान केलं. जानेवारीत पारा फार खाली गेला की केळीच्या पानांवर पिवळे चट्टे येतात, पोंग्यातून पान निघायचं थांबतं, चरका म्हणतात त्याला. तो आठ-दहा रात्री बांधावर शेकोट्या पेटवून धूर करत बसला होता, पहाटे पाणीही सोडायचा कारण विहिरीचं पाणी गरम असतं. आता ऊन लागलं आणि नवीन पान हिरवंगार निघतंय असं तो दाखवत होता, पानावर हात फिरवत. माझ्या मूठभर बिया कुजल्या तर मी तीन दिवस हळहळले, त्याचं काय झालं असेल. येताना त्याने गाडीत केळीच्या वाळक्या पानांचे दोन भारे भरून दिले. हे आच्छादन म्हणून फार चांगलं. कुंडीत मातीवर चार बोटं जाड थर दिला की दुपारचं ऊन मातीला लागत नाही, आणि सावकाश कुजून पोटॅशही मिळतं.

आता वांग्याचं.

आमच्याकडची भरताची वांगी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, जळगावच्या भरीत वांग्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही आहे. फिकट हिरवं, गुळगुळीत, हातात घेतलं की भरल्यासारखं, बी अगदी कमी. कपाशीच्या काड्यांवर भाजलं की साल अलगद सुटते. अप्पा, माझे वडील, पूर्वी घरच्यापुरती दोन ओळी वांगी लावायचे, बी घरचंच, जिजीच्या वेळेपासूनचं. पण पाणी, मजूर, सगळं बघता शेतात आता सगळी केळीच, आणि अप्पांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी त्यांनी वांगी लावणं थांबवलं. मी मधे एका दुकानातून भरताच्या वांग्याचं म्हणून पाकीट आणलं होतं, त्याला जांभळी आणि बियांनी गच्च भरलेली वांगी आली. मग गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा वहिनीला कोठी आवरताना एका डब्यात वर्तमानपत्राची पुडी सापडली, त्यावर अप्पांच्या अक्षरात नुसतं "वांगे, घरचे" एवढंच. वांग्याचं बी कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं उगवतं, पुढे ताकद जाते. म्हणजे ते शेवटच्या टप्प्यावर होतं. मी चाळीस बिया जूनमध्ये पेरल्या, अकरा उगवल्या, त्यातली चार धट्टीकट्टी ठेवली. एक पावसात मुळकुजीने गेलं, एकाला शेंडाअळी लागली आणि ती शेंड्यातून खाली खोडापर्यंत गेली. दोन राहिली, त्यातलं एक डिसेंबरपर्यंत. शेवटचं हे निळ्या ड्रममधलं.

नोव्हेंबरात पहिलं वांगं लागलं तेव्हा मी भाऊबीजेच्या फराळाइतकी खुश होते. दोन भरतं झाली, घरच्या कळण्याच्या भाकरीबरोबर, कांद्याची पात घालून. पण त्यानंतर दुसऱ्या फांदीवरचं जे सगळ्यात सरळ, देखणं फळ होतं त्याला मी लाल दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की हे बियाण्याचं, हात लावायचा नाही. कारण याआधी एकदा बियाण्याला ठेवलेला दोडका मी बाहेरगावी गेलेली असताना भाजीत गेला होता. मधमाश्यांमुळे दुसऱ्या जातीचा पराग येऊ नये म्हणून यंदा गच्चीवर दुसरं कुठलंही वांगं लावलं नाही, काटेरी वांग्याची इतकी आवड असून सुद्धा.

ते फळ मग दोन महिने झाडावर राहिलं. बियाण्याचं वांगं असं राहू देणं म्हणजे झाडावर फार भार असतो, झाडाला वाटतं आपलं काम झालं, मग नवीन फुलं कमी येतात. त्याची हिरवी झाक गेली, मग ते पिवळट झालं, मग तांबूस पिवळं, हाताला टणक. आणि नेमकं त्याच वेळी हवा बदलली. फेब्रुवारीच्या मध्यात एक दिवस दुपारी ढग आले, वारा सुटला, आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे या दिवसांत आभाळ आलं की प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी तेच होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरलेलं नाही, गहू-हरभरा काढणीला आलेला आणि बागा आडव्या झालेल्या. मी ऑफिसातून घरी सासूबाईंना फोन केला की आई, वांग्याच्या ड्रमवर काहीतरी टाका ना. त्यांनी खालची लाकडी खाट पोरीच्या मदतीने वर नेऊन ड्रमशेजारी आडवी उभी केली, त्यावर गोधडी बांधली. गारा आल्या नाहीत, नुसते चार थेंब. पण साठीच्या बाईने जिन्यातून खाट वर नेली होती, आणि मी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुझ्या बापाचं बी आहे ना ते."

पाण्याचं वेळापत्रकही या दिवसांत बदलावं लागतं, तेवढं लिहून ठेवते. हिवाळ्यात मी सकाळी उशिरा, ऊन आल्यावर पाणी देते, दिवसाआड. आता फेब्रुवारीच्या शेवटापासून रोज, आणि मार्चच्या मध्यानंतर संध्याकाळी, म्हणजे रात्रभर झाडाला प्यायला वेळ मिळतो. जळगावात ठिबक शिकायला लांब जावं लागत नाही, इथे पोराटोरांनाही लॅटरल आणि ड्रिपर माहीत असतात. माझ्याकडे १६ मिलिमीटरची नळी आणि तासाला ४ लिटरचे ड्रिपर आहेत, हिवाळ्यात पंधरा मिनिटं म्हणजे एक लिटर, आता अर्धा तास. बोअरचं पाणी क्षाराचं असल्यामुळे ड्रिपर बुजतात, कुंड्यांच्या कडेला पांढरी पापडी धरते, म्हणून उन्हाळा सुरू व्हायच्या आधी सगळे ड्रिपर काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर टाकायचे. हे काम आता करायचं, एप्रिलमध्ये बुजलेला ड्रिपर एका दुपारीत झाड मारतो.

किडींचं थोडक्यात. जास्वंदावर पिठ्या ढेकूण दिसायला लागलाय, त्याच्या आधी मुंग्या दिसतात, मुंग्यांची रांग खोडावर दिसली की पानांच्या बगलेत बघायचं, पांढरा कापूस असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढायचा आणि साबणाच्या पाण्याचा हात द्यायचा. मार्चपासून कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी येतो, त्याला पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आवडत नाही. गेल्या पावसाळ्याआधी गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या डब्यात आहेत, ५० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवून एक लिटर पाण्याला, गाळून, संध्याकाळी फवारायचं. गल्लीतल्या निंबाची पानं आता रोज पिवळी होऊन गच्चीभर पडतायत, दोन वेळा झाडते आणि सगळी कंपोस्टच्या ड्रममध्ये. आणखी पंधरा दिवसांत त्याच झाडाला तांबूस कोवळी पालवी येईल. तांबट पक्षी त्यावर बसून दुपारभर टुक-टुक करतोय, कोकीळ अजून ऐकलेला नाही.

तर बिबड्यांचा दिवस. काल पहाटे चारला सासूबाईंनी, जाऊबाईंनी आणि शेजारच्या काकूंनी पातेलं चढवलं, तीळ, लसूण, मिरची, जिऱ्याचा वास सगळ्या घरात. मी साडेपाचला वर गेले, बॅटरीच्या उजेडात रोपं उचलायला. हलवायची कुठे हा प्रश्न होताच, पश्चिमेला ठेवावी तर तिथे दुपारी भिंत तापते, आणि गिलक्याची, दुधीची रोपं मी आदल्याच संध्याकाळी मोठ्या ग्रो बॅगमध्ये लावलेली, नवीन लावलेल्या रोपाला दोन-तीन दिवस कडक ऊन सोसत नाही. सासूबाई वर आल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं, आणि म्हणाल्या, "खाटांखाली सरकव. वर माझे बिबडे, खाली तुझे वेल." आमच्याकडे चार खाटा आहेत, त्यावर ओली धोतरं अंथरून बिबडे थापतात. खाटेच्या नवारीतून आणि धोतरातून गाळून येणारं ऊन म्हणजे शेडनेटच झालं की! सगळ्या बॅगा खाटांखाली गेल्या, पोकळ्याचा ट्रेसुद्धा.

साडेआठपर्यंत सगळ्या खाटा भरल्या, गोल गोल पांढुरके बिबडे. मग मी लाल दोऱ्याचं वांगं कापलं. देठासकट. खाली बसून ताटात चिरलं, गर चोळून पाण्यात टाकला, हलकं बी वर तरंगलं ते फेकलं, जड बी तळाला बसलं. तीनदा धुतलं. वांग्यात बी कमी म्हणून आपण कौतुक करतो पण काल मी एकेक बी चिकटलेल्या गरातून नखाने सोडवत होते. बी कडक उन्हात वाळवायचं नसतं, म्हणून चाळणीत फडकं घालून तेही खाटेखालीच ठेवलं, दोन गिलक्यांच्या मधे.

दुपारी तीनला वर गेले तर खाटेखाली एकही रोप मान टाकून नव्हतं. काकूंची नातवंडं अर्धवट वाळलेले बिबडे ओरबाडून खात होती, त्या वयात आम्हीही तेच करायचो, वरून थोडं कच्चं तेल लावून. संध्याकाळी धोतरं उलटी करून मागून पाण्याचा हात लावून बिबडे सोडवले, आणि मी चाळणी घेऊन खाली आले. बी अजून पुरतं वाळलेलं नाही, तीन-चार दिवस लागतील. पण अप्पांना फोन लावला. किती निघालं विचारलं. मी म्हटलं मोजलं नाही अजून, दोनशेच्या वर असेल. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "निम्मं मले पाठव. बांधावर दोन ओळी लावू भाऊकडून." सासूबाई शेजारीच बसून बिबड्यांच्या चवडी लावत होत्या, त्यांनी ऐकलं आणि आतून चुलीतल्या राखेचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला, चाळलेली, मऊ राख. म्हणाल्या, "वाळलं की हिच्यात घोळ. पुडी दोन कर."